हरकत क्रमांक ३१२

चपला बाहेर काढू का, तिने दारातून विचारलं.
साहेब सवयीने म्हणाले, काही हरकत नाही.
"हाय ना. म्हणून तर आले,"
म्हणाली दोमनिका किणी, मुक्काम मनोरी,
आणि टेबलावर, आराखड्याच्या शीट क्रमांक नऊवर,
ठेवली वालाच्या शेंगांची पिशवी. ओली.

शीट ओढून घेतली मी. माझं कामच ते.
एकतीस वर्षं या शहराचे रंग भरतोय:
निवासी पिवळा, व्यापारी निळा, कारखाने जांभळे,
आणि जिथे काही होऊ द्यायचं नाही
तिथे हिरवा.
ना-विकास, असंच लिहितात सूचीत.
आता तोही पुसायचा होता.

नातीने वाचून दाखवलं: सदर जमीन मोकळी आहे.
"मोकळी?"
दोमनिकाने पिशवीकडे पाहिलं,
जणू शेंगांनीच उत्तर द्यावं.
मग सांगत बसली, कुणी न विचारता:
भात कापलं की त्याच ओलीत वाल टाकायचे,
पाणी द्यायचं नाही,
रात्री खाडीवरून येतं ते दव पुरतं.
विहिरीजवळ तोंडलीचा मांडव, त्याला मात्र रोज बारा बादल्या.
तेरावी घातली की मुळं कुजतात.
हे तिला सासऱ्याने शिकवलं,
सासऱ्याला त्याच्या बापाच्या हातचा मार खाऊन कळलेलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं.
बाहेर तीनशे तेरा, तीनशे चौदा बाकावर बसलेले.
"मावशी, भाजी आता नाशिकहून येते. एका रात्रीत."
"येते ना. रातभर जागून येते.
तिचं तोंड बघा एकदा सकाळी."

लिपिक हसला, मग थांबला.
दवाचा मुद्दा कुठल्या रकान्यात घ्यायचा
हे त्याला कळेना.
सूचीत दवाला रंग नाही.

पूर्वी हाताने भरायचो मी.
नीट तासलेल्या पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर,
चार हजारास एक या प्रमाणात
जमिनीवर दोन मीटर भरते.
म्हणजे एक बांध
आणि बांधावर जे काही असेल ते.
असे किती गेले टोकाखाली, मोजले नाहीत.
आता टोकसुद्धा नाही.
पडद्याच्या कोपऱ्यात एक बादली असते, नखाएवढी,
वाकडी, सांडायला आलेली.
एक बोट दाबायचं, की पिवळा
या बांधापासून त्या बांधापर्यंत, विहिरीसकट,
एकदम भरतो.
थेंबही हद्दीबाहेर जात नाही.

ती गेली. पिशवी राहिली.
नेऊ नका असं कुणी म्हणालं नाही, म्हणून घरी नेली.
बायकोने शेंगा सोलल्या, एकीत अळी निघाली,
तर केवढी खूश झाली!
म्हणाली, औषध मारलेलं नाही, कुठून आणल्या?
मी सर्व्हे नंबर सांगितला.
दुसरं काही सांगता येईना.

तीनशे बारासमोर अहवालात आलं: ऐकून घेतले.

सकाळी कार्यालयात आलो तर शीट नऊवरचा डाग वाळला होता,
कडेला करडी रेघ, हद्दीसारखी,
पण आमच्या कुठल्याच हद्दीशी न जुळणारी,
थोडी खाडीत, थोडी प्रस्तावित रस्त्यावर.
मशीन चालू केलं. फाइल उघडली.
तिचा तुकडा पडद्यावर बोटभर लांब,
अजून हिरवा.
बादलीवर बोट ठेवलं
आणि कोण जाणे कसं, मनात मोजायला लागलो.

साहेब आतून ओरडले, झालं का?

मी मोजत होतो.
ही कितवी?