सत्तेचाळीस ग्रॅम

बाना चिसेंगा ट्रम्पेट घेऊन आली
चितेंग्यात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसं,
आणि म्हणाली, एस्नाथ, हे तांबं आहे.
लामेक म्हणायचा, आपल्याच खाणीतलं.

वुसाकिलेत सगळं आपल्याच खाणीतलं असतं:
खोकला, पेन्शनची फाईल,
खिडकीतून दिसणारा मळीचा काळा डोंगर.
मी काही बोलले नाही.
व्हॉल्व्ह काढले, स्प्रिंगा डबीत टाकल्या,
लोखंड आणि नमदा मी तांब्याच्या भावानं घेत नाही.
उरलेलं काट्यावर ठेवलं.
आठशे सदुसष्ट.

नुसत्या वजनाला काही कळत नाही.
किलोभर तांबं नि किलोभर पितळ
काट्याला दोन्ही सारखीच.
कुणी किती जागा अडवली ते विचारावं लागतं,
आणि ते पाण्याला विचारावं.

माझी बादली साधी आहे. काठाशी तोटी,
तोटीपर्यंत पाणी, खाली मापाचा पेला,
दवाखान्यातून आणलेला, औषधाच्या रेघांचा.
जेवढं आत जाईल तेवढं बाहेर सांडतं.
एवढंच शास्त्र. माझ्या मावशीनं शिकवलं,
तिला सही करता येत नव्हती.

ट्रम्पेट बुडवलं.
पण नळी वळणावळणाची, आत हवा अडकलेली,
आणि हवा राहिली तर माप खोटं येतं.
म्हणून पाण्याखालीच हळूहळू फिरवलं, उलटं केलं.
बुडबुडे यायला लागले.
आधी एक मोठा.
मग बारीक, रांगेनं.
मग थांबून थांबून.

बाना चिसेंगा बादलीवर वाकली.
शेवटचं फेब्रुवारीत वाजवलं त्यानं, म्हणाली,
भट्टीवरच्या कुणाच्या तरी मातीला.
मधेच थांबला, थुंकला, पुन्हा सुरू केलं.

शेवटचा बुडबुडा बराच वेळ
कर्ण्याच्या कडेला चिकटून राहिला.
मी बोट लावलं नाही.
गिऱ्हाईक दुसरं कुणी नव्हतं.

एकशे दोन मिलिलिटर.
पाटीवर खडूनं भागाकार केला: साडेआठ.
तांबं असतं तर नऊला टेकलं असतं,
एवढ्याच जागेत नऊशे चौदा भरलं असतं.
सत्तेचाळीस ग्रॅम कमी.

कुणाचं पितळ उघडं पडलं
असं मी म्हणणार नाही.
ते उघडंच होतं. पिवळं होतं,
बोटांच्या जागी कळकून हिरवं झालेलं,
आणि अठ्ठावीस वर्षं तिनं ते रोज पाहिलं होतं.

मी तिला सांगितलं, यात सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त.
जस्त हलकं, निळसर, एकटं असलं तर ठिसूळ.
तांब्यात उतरलं की स्वतःचा रंग सोडतं
आणि त्यालाही आपल्या रंगात राहू देत नाही.
नुसतं तांबं मऊ, दाबलं की दबतं.
हे ताठ राहतं. म्हणून वाजतं.

जस्त कुठून येतं? तिनं विचारलं.
पूर्वी काब्वेहून यायचं, मी म्हटलं.
ती हसली. ती काब्वेची,
जिथली माती पोरांच्या रक्तात उतरते.
लग्न होऊन रेल्वेनं इकडे आली
तेव्हा आईनं तिच्या चपलासुद्धा धुऊन दिल्या होत्या.

आता हे वाद्य घडलं कुठल्या तरी परक्या गावात,
शिक्का घासून गेलाय, दोनच अक्षरं उरलीत.
धातू कुणाच्या जमिनीतला
ते माझी बादली सांगत नाही.

पितळेचा भाव मी सांगितला. निम्म्याहून थोडा जास्त.
तिनं नोटांकडे पाहिलं नाही.
म्हणजे लामेक खोटं बोलायचा?

शंभरातले सत्तर खरं, मी म्हटलं.

तिनं मान हलवली, पटल्यासारखी,
आणि माउथपीस फिरवून काढून घेतला,
ओला तसाच, चितेंग्याच्या गाठीत बांधला.

मग मला सगळं पुन्हा तोलावं लागलं.