ळ

'ळ'नं मराठीत एकही शब्द सुरू होत नाही.
बत्तीस वर्षं हेच शिकवलं मी
बी.एड.च्या पोरींना, खडू मोडेस्तोवर.
म्हणून तक्त्यावर ळ बाळाचा, ण बाणाचा.
दुसऱ्याच्या शब्दाची शेपटी धरून
वर्गात शिरलेली दोन अक्षरं.
बाकीची कशी ऐटीत, पहिल्या बाकावर.

मार्चअखेरीला सागरमाळावरच्या केबिनची किल्ली
बाबासो धुमाळांच्या हातात ठेवली.
त्याआधी कपाटाच्या तळातून गठ्ठा निघाला, सुतळीनं बांधलेला:
वडणगे, इयत्ता तिसरी, एकोणनव्वद साल,
चौपन्न कागद आणि माझी लाल शाई.
शाई अजून ताजी दिसते. शिसपेन्सिल मात्र
उजेडाकडं धरल्याशिवाय वाचवत नाही.

एकतिसावा कागद. नाजुका कांबळे.
चित्र गाईचं होतं, पाच वाक्यं लिहायची होती.

    ही ळाळी हाय.
    ळाळी आमची रेडी.
    ती गुऱ्हाळावर चिपाडात बसती.
    तिला काकवी आवडती.
    ती मेली तवा आई जेवली न्हाई.

मी मोजलं होतं.
गाईला रेडी म्हटलं: आशयदोष, एक.
हाय, बसती, आवडती, तवा, न्हाई: पाच.
आणि ळाळीवर दोन्हीकडं काट मारून समासात:
असा शब्द असत नाही.
शेवटच्या वाक्याशी पोचले तेव्हा बेरीज चालू होती.
रेडी मेलेली मला दिसलीच नाही.

त्या बेरजेचा तक्ता झाला, तक्त्याचं चौथं प्रकरण,
नावामागं डॉक्टर लागलं,
भावानं महाद्वार रोडवर पेढे वाटले.
पुढं समित्या, पुण्याच्या फेऱ्या, बशीत मऊ पडलेली बिस्किटं,
दुसरीतल्या मुलाला किती जोडाक्षरं झेपतात
यावर तीन दिवस वाद.
मुलांसाठी पुस्तकंही लिहिली, चार.
त्यातले ससे फार शुद्ध बोलायचे.
केर्लीच्या शाळेत वाचून दाखवताना
मागचं एक पोरगं उठलं:
"बाई, ह्यो ससा कुठल्या गावचा?"
सगळे हसले. मीही हसले.
त्या पुस्तकाला बक्षीस मिळालं.
पाचवं मी लिहिलं नाही.

मे महिन्यात के.एम.टी.नं वडणग्याला गेले.
नाजुका इचलकरंजीत दिलेली,
मग मागावरनं कुठं गेली, कुणालाच नीट ठाऊक नाही.
भावजय दारात शेण काढत होती.
हात पदराला पुसून तिनं कागद घेतला,
बोट ठेवून वाचत गेली,
माझ्या फुल्या ओलांडून, जणू कागदावरच्या माश्या,
आणि पाचव्या ओळीवर थांबली.
"व्हय. सासूबाई सांगायच्या."

ळाळी म्हणजे काय, मी विचारलं.
"म्हणजे? म्हणजे कुठं काय असतंय?"
तिनं गोठ्याकडं तोंड केलं,
जीभ टाळूला मागं वळवली आणि
    ळ्ळळ, ळ्ळळ, ळा
दोन रेडकं दावं ताणून उभी राहिली.

मी पिशवीत पेन चाचपत होते.
सापडलं. पण ते लिहायचं कसं
हे मला, एवढ्या वर्षांनी, येईना.

आता संध्याकाळी राजाराम तलावाकडं फिरायला जाते.
काल आसपास कुणी नाही बघून
जीभ वळवली, हाक दिली.
पाण्यातल्या एका म्हशीनं कान फिरवला,
माझ्याकडं जरा वेळ बघितलं,
आणि पुन्हा नाकपुड्यांपर्यंत आत गेली.

उच्चार चुकला असणार.
उद्या परत.