साधं दही

डॉक्टर म्हणाले, साधं दही द्या.
साधं म्हणजे साधं, ताई,
आणि गोळ्यांच्या नावांखाली
‘दही’ लिहून त्याला दोनदा रेघ मारली.
टायफॉईडातून उठलेली माझी कस्तुरी
आर्वीहून येताना एसटीभर
माझ्या मांडीवर झोपली होती,
गव्हाच्या रिकाम्या पोत्याइतकी हलकी.

थांब्यावर ढुमण्यांचं दुकान. फ्रिज आहे,
लाईन असली तर थंडही असतो.
एकेक डबा हातात घेऊन मी वाचत बसले.
आंब्याचं दही. स्ट्रॉबेरीचं दही.
तिसऱ्यावर हिरव्या पानाखाली ‘नैसर्गिक’,
आणि मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत,
साखर, स्टार्च, रंग.
एकाचं झाकण फुगलेलं,
अफरलेल्या गोऱ्ह्याच्या पोटासारखं.
चौथा डबा खरंच साधा होता:
दूध, विरजण, बस.
तारीख मात्र गेल्या सोमवारची.
“भाऊ, हे जुनं आहे.”
“काहून जी? दही तं जुनंच असते ना!”

घरचं विरजण
आम्ही दवाखान्यात असताना मेलं.
घरात माणूस गेलं की लोक येतात.
विरजण गेलं की आपण जायचं,
वाटी घेऊन.

राऊतांकडचं चमच्याला तार धरत होतं.
लाळेसारखी. नको म्हणाले नाही,
म्हटलं, उद्या येते.
शकीलाभाभीचं घट्ट, देखणं,
सुरीनं कापावं असं,
पण जिभेवर ठेवलं आणि डोळा मिटला.
“कढीला ने,” ती हसली, “लेकराले नको.”

गवळीपुऱ्यात पार्वताबाई ढेप भिजवत होत्या.
त्यांचं मडकं मी वाकून हुंगलं,
कडेनं जरा कलतं केलं,
निवळी पाहिली, कडब्याच्या रंगाची, स्वच्छ.
कधीचं? गायीचं की म्हशीचं?
दूध उकळलं होतं की नुसतं तापवलं?
किती तासांत आंबतं?
“पोरगी पाहाले आली का व तू?” त्या म्हणाल्या.
मग एकदम आभाळाकडे बघून थांबल्या.
दिवेलागण झाली होती.
दिवा लागल्यावर दही देत नाहीत.
त्यांनी परसातली एक मिरची तोडली,
देठासकट वाटीत टाकली.
“हे दही नाही. मिरची देऊन राह्यली मी. जाय.”

दूध करंगळीला सोसेल इतकं निवलं
तेव्हा साडेनऊ वाजले होते.
मे महिना. भिंती अजून तापलेल्या.
आमच्याकडे दही लागायला वेळ लागत नाही,
थांबायला लागतो.
दीड वाजता उठले,
मडकं परातीत, परातीत पाणी,
वरून ओलं फडकं.
हे अंधारात कुशीवर वळले,
“रडते का ती?”
“नाही. दही.”
“बरं,” म्हणाले, आणि घोरू लागले.

सकाळी वरची साय हलकेच सारली.
खाली गुळगुळीत, एक भेग नाही.
आधी चमचाभर झाकून बाजूला ठेवलं,
मग तिची वाटी भरली.
“साखर?”
“नाही.”
“मीठ?”
“तेही नाही.”
तिनं चमचा तोंडात धरून ठेवला,
पंधरा दिवस सलाईन लागलेला हात
गुडघ्यावर ठेवून विचार केला.
“याला चवच नाही,” म्हणाली.
दुसरा चमचा घेतला.
चवथ्यानंतर मी मोजणं सोडलं.

बाजाराच्या दिवशी ढुमण्याला सांगितलं,
साधं दही मागवत जा, ताजं,
दवाखान्यातून येणाऱ्या सगळ्यांच्या दारी
गाय नसते,
सगळ्यांना पार्वताबाई नसतात.
त्यानं आंब्याच्या डब्यांची रास सरळ केली,
वहीत काही लिहिल्यासारखं केलं.
“आणतो,” म्हणाला,
“पण साधं खपत नाही जी.”