एकाहत्तर दिवस

सिलेंडर लावला की कॅलेंडरवर खूण करते.
पेन्सिलीने. पुढच्या वर्षी त्याच पानामागे
वाण्याची यादी लिहायची असते.

बेचाळीस दिवस. एकदा सत्तेचाळीस.
डाळ तासभर आधी भिजत, दोन शिट्ट्या, गॅस बंद,
उरलेलं वाफेवर सोपवायचं.
शनिवारच्या बाजारात दिवेलागणीनंतर जायचं,
तेव्हा कृष्णाकाठची वांगी ढिगाने देतात.
पेस्टची ट्यूब हे कात्रीने उभी चिरतात,
आत अजून तीन सकाळी असतात.

सन्मती चिडायची,
"एक शिट्टी जास्त झाली
तर काय सांगली बुडणार आहे?"
बुडाली होती की, म्हटलं.
फ्रिज गेला, गाद्या गेल्या,
माळ्यावरचा सुट्ट्या पैशांचा डबा तेवढा कोरडा निघाला.

जूनमध्ये ती नाशिकला गेली, नर्सिंगला.

परवा सिलेंडर संपला.
मोजले. एकाहत्तर.
चुकलं असेल म्हणून बोट ठेवून परत मोजले.
ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "वा."
आणि चष्मा पुसत बसले.

आज कुकर लावलाय.
दुसरी झाली.
हात बटणापर्यंत गेला,
तिथेच थांबला.

होऊ दे तिसरी.
घरात तेवढाच कुणाचा तरी आवाज.