नाक गेल्यावर

दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं.
म्हणजे आहे जागेवर, चष्मा त्याच्यावरच टेकतो,
पण वास म्हणून काही येत नाही.
नोव्हेंबरात अख्खं आयवालिक ऑलिव्हच्या घाण्यांनी घमघमतं,
लोक खिडक्या लावून घेतात,
मी सताड उघड्या ठेवतो
आणि गल्लीला वाटतं, वेज्दी उस्ता केवढा दर्दी!

न्हाव्याचं नाक जाणं ही बोभाटा करायची गोष्ट नव्हे.
फक्त इल्केला सांगितलंय, हाताखालच्या पोराला,
कारण दूध नासलंय का
हे कुणीतरी सांगायला हवं.

सकाळी विक्रेता आला. दाढीनंतर गालावर मारायच्या
तीन बाटल्या मांडल्या आरशाखाली.
अंजिराची तर तुम्ही वापरताच, म्हणाला,
या ताडून बघा, संध्याकाळी येतो.

ताडून बघा.
मी तळहात पुढे केला. माझ्याकडे आता तेवढाच आहे.

लिंबाची. प्लॅस्टिकचा लिटर, सगळ्यांत स्वस्त.
ओतली की पाण्यासारखी पळते,
दहा मोजेपर्यंत हात कोरडा ठाक.
वस्तरा जिथं चुकला
तिथं बरोबर बोट ठेवते, मेली.
चाळीस वर्षांत माझ्या चुका मला
हिच्याइतक्या स्पष्ट कुणी सांगितल्या नाहीत.

तंबाखूची. जाड काच, लाकडी बूच.
इल्के म्हणाला, वकिलाच्या कचेरीसारखा वास.
वकिलाच्या कचेरीत मी एकदाच गेलो, वाटणीच्या वेळी,
तिथं भावाच्या ओल्या कोटाचा वास होता,
तो अजून आठवतो,
म्हणजे आठवणीचं नाक वेगळं असावं.
ही वीसपर्यंत उडत नाही. काचेचे पैसे जास्त.

तिसरी इटलीहून आलेली, निळी.
लावली, आणि काहीतरी गार
सरसर कपाळापर्यंत चढलं.
आलं! मी ओरडलोच. नाक आलं!
इल्के कात्री टाकून धावला.
पण तो वास नव्हता, नुसता गारवा,
आणि गारव्याला नाक लागत नाही.
किंमत ऐकली तेव्हा मात्र मिरच्या झोंबल्या;
तेवढं काम ते अजून करतं.

अकरा वाजता रिफ्की काप्तान.
सव्वीस वर्षं एकच खुर्ची, एकच तक्रार: डावा कल्ला मोठा राहतो.
दाढी झाली, मान मागे टाकून म्हणाला,
आपलं अंजीर.

अंजिराची मला ओळखीची.
अंगानं जड, तिशीपर्यंत तळव्याला धरून राहते,
बोटं मिटली की किंचित चिकटतात.
मी ओतली. मोजलं.
आठ, नऊ, दहा.
हात कोरडा.

लेबलावर अंजीर, वर पान, पानावर सोनेरी शीर.
बाटलीत लिंबू.

काप्तानानं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला.
अहाहा, म्हणाला, आईच्या परसातलं झाड!
खाली चटई टाकून झोपायचो आम्ही पोरं,
पिकलेलं एखादं पट्दिशी कानाशी पडायचं.
त्याच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या.
झोंबल्यामुळेही असेल. डाव्या कल्ल्याशी मी जरा चुकलो होतो.

आरशात इल्के दिसला.
महिनाभर या पोराचे गाल
ऑगस्टातल्या अंजिरासारखे तुकतुकीत,
आणि बेकरीतून पाव आणायला
त्याला हल्ली पाऊण तास लागतो.

नाक असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.
पण नाक असलेला माणूस तर खुर्चीत बसला होता.

काप्तानाकडून लिंबाचेच पैसे घेतले.
का रे, आज कमी?
आज स्वस्ताई आहे, म्हटलं.
बोलायचं तर काय बोलायचं,
ते झाड मी तोडायचं?

संध्याकाळी विक्रेत्याला सांगितलं:
लिंबू, बारा लिटर.
अंजिराची दुकानासाठी एक.
आणि एक लहान, खिशात मावेल अशी,
ती वेगळ्या कागदात बांध.

इल्के फरशी झाडत होता,
झाडलेलीच.