शेकाट्या

नाकुरूला फ्लेमिंगो किती होते,
पोटिंदेनं विचारलं, दुर्बीण शर्टाच्या टोकानं पुसत.
चापडगावच्या मनोऱ्यावर थंडी अजून बसूनच होती.
लाखभर असतील, मी म्हटलं.
छत्तीस वर्षं नोटप्रेसमध्ये
शंभराची गड्डी अंगठ्यानं ओळखली मी,
तिथं तळ्याकाठी अंगठाच चालेना.
गुलाबी, नुसतं गुलाबी,
आणि मधूनच कुणी चादर झटकावी
तशी उठणारी एक घडी.

मोबाइल दिला त्याच्या हातात.
चार हजार फोटो.
गेंडा पाहून तो नुसतं हूं म्हणाला.
पेलिकन, मत्स्यगरुड, झाडावर झोपलेली सिंहीण,
पाणघोड्याची जांभई, जी मी
येईल त्या पाहुण्याला दाखवतो,
सगळं भराभर सरकवत गेला,
मेथी निवडावी तसा.

मग थांबला.
दोन बोटांनी चित्र ताणलं.
गेंड्याच्या पायामागं, चिखलात,
काडीएवढे लाल पाय.
"हा आपला शेकाट्या ना?"

साडेतीन लाखांची ट्रिप,
खांदा मोडेल एवढी लेन्स,
आणि मला तो दिसलाच नव्हता.

समोर गोदावरी-कादवेच्या गाळात
सात जण उभे होते,
आपापली सावली टोचत.

"तिथल्या पाण्याला वास कसला येतो?"
धुण्याच्या सोड्याचा, मी म्हणालो.
थोडा नासक्या अंड्याचा.
हे कुठल्याच फोटोत नव्हतं.

तो हसला. वही उघडून लिहिलं,
शेकाट्या, सात.
पेन बंद केलं.
पुन्हा उघडलं,
अधिक एक.