डाव्या डोळ्याची नोंद

तारीख ठरली होती. गुरुवार, सकाळी आठ.
कागदावर मीच लिहिलं होतं:
डावा डोळा. दृष्टी शून्य. वेदना तीव्र. उपयोग नाही.
उजवा अठरा वर्षांपूर्वीच काढलेला,
त्या जागी काचेचा, जरा जास्तच निळा.

योव्ना कारास्योकहून आला, रात्रभर बसने,
सोबत बहीण रिस्तेन, आणि तिच्या पिशवीत
रेनडियरचं वाळवलेलं मांस, सगळ्या वॉर्डाला पुरेल इतकं.
डिसेंबर. त्रोम्सोचा सूर्य
डोंगराआड गेला तो गेलाच होता.

"एक विचारू?" रिस्तेन म्हणाली.
"याला चूल पेटलेली कळते ती उबेवरून.
पण रात्री दहाला याचा डोळा लागतो
आणि सहाला हा उठून कॉफी ठेवतो.
आमच्या शेजारच्या इस्सातचे दोन्ही डोळे सुरुंगात गेले.
त्याची झोप रोज थोडी सरकते,
बिऱ्हाड पाठीवर घेतल्यासारखी.
दोन आठवड्यांनी तो भर दुपारी घोरतो
आणि मध्यरात्री लाकडं फोडतो.
मग याला वेळ कोण सांगतं?"

सवय, मी म्हणाले.
उत्तर नसलं की आम्ही डॉक्टर हाच शब्द देतो.

रात्री घरी जुनी वही काढली.
शिकत असताना उंदराच्या डोळ्याचा पडदा
मी काचेच्या बशीत ठेवला होता.
उंदीर नव्हता, मेंदू नव्हता, खिडकी नव्हती,
तरी तो पातळ पडदा बशीत
दिवस आणि रात्र मोजत राहिला,
धनी गेल्यावरही
हिशेब लिहीत बसलेल्या दिवाणजीसारखा.
हे मी विसरले कशी?

आणि त्याच पडद्यात थोड्याशा पेशी असतात
ज्यांना चेहरा नको, अक्षर नको, रस्ता नको.
त्या एवढंच विचारतात, उजाडलं का?
बाकी सगळं विझलं तरी त्या
स्वतःतच तेल घालून जाग्या.

गुरुवार पुढे ढकलला.
बुधवारी मध्यरात्री त्याला खोलीत बसवलं,
समोर निळा दिवा, हातात लाळेच्या नळ्या.
"लावलाय?" त्याने विचारलं.
सांगणार नाही, मी म्हणाले.
"बरं. म्हणजे लावलाय. किंवा नाही."
तो हसला, नळीत थुंकला, दर अर्ध्या तासाने, चार वेळा,
आणि मधल्या वेळात मला कळपातल्या
एका हट्टी मादीची लांबलचक गोष्ट सांगितली,
जिचा शेवट मला अजून माहीत नाही.

निकाल आला. दिव्यासमोर
लाळेतलं झोपेचं रसायन निम्म्यावर उतरलं होतं.
योव्ना म्हणत होता, काळोख आहे.
डोळा म्हणत होता, नाही.

मी त्याला बातमी द्यावी तशी हे सांगितलं.
तो मुळीच चकित झाला नाही.
"उन्हाळ्यात कापलेल्या रेनडियरचा डोळा
आतून सोनेरी असतो, थंडीत कापलेल्याचा निळा.
चाळीस वर्षं या हातांनी पाहिलंय.
डोळा आपलं आपण काहीतरी करत असतो, डॉक्टर.
मालकाला विचारत नाही."
मग थोडं थांबून, दुखावलेल्या आवाजात:
"पण तीस वर्षं माझ्याच कपाळाखाली राहतो,
एक शब्द बोलला नाही."

डोळा ठेवला. मागे सुई देऊन वेदना बधिर केली.
किती महिने टिकेल, मी वचन दिलं नाही.
कागदावरचं 'उपयोग नाही' खोडलं,
त्या जागी काय लिहावं ते सुचेना,
तो रकाना तसाच रिकामा आहे.

निघायच्या दिवशी साडेअकराला
ती दोघं दक्षिणेच्या खिडकीपाशी बसची वाट बघत होती.
बाहेर बर्फावर तो तासाभराचा उजेड,
ना दिवस, ना रात्र, शाईत दूध पडावं तसा.
"आहे का?" योव्नाने विचारलं.
"आहे," रिस्तेन म्हणाली.
"टोपी जरा वर कर."